आई गोळी मागते म्हणून लपवली

पत्र, थोडक्यात: डोंबिवलीच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय ४६, नोकरी करतात. त्यांच्या आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदलून १९ दिवस झाले. चौथ्या दिवशी आईला घरी आणलं. डिस्चार्जच्या कागदावर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी दिवसातून तीनदा, दहा दिवस, आणि पुढे ‘दुखल्यास’ असं लिहिलेलं होतं. आठव्या दिवशी न्यूजर्सीतल्या दादाने फोनवर गोळीचं नाव विचारून घेतलं आणि सांगितलं, “ही ओपिऑइड आहे, अफूच्या जातीची, आजच्या आज बंद कर, इकडे माणसं मेलीत याने.” ताईंनी त्याच संध्याकाळी बंद केली. आई दोन रात्री तळमळली, सारखी गोळी मागत राहिली, आणि ताईंना खात्रीच पटली की सवय लागली. त्यांनी स्ट्रिप रव्याच्या डब्यामागे ठेवली, ‘संपली’ असं सांगितलं आणि मेडिकलमधून अ‍ॅसिक्लोफेनॅक आणून ‘साधी पेनकिलर’ म्हणून सकाळ-संध्याकाळ सुरू केली. आईला बीपी आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ‘जरा वर’ आहे, झोपेची अर्धी गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. आता आई गोळी मागत नाही, पण व्यायामाला उठतही नाही. फिजिओ म्हणतो, गुडघा ७० अंशांच्या पुढे वाकत नाही. ताई विचारतात: पुन्हा सुरू केली तर व्यसन लागेल का? नाही दिली तर ऑपरेशन वाया जाईल का? आणि दादाला काय सांगू?

ताई,

‘आता आई गोळी मागत नाही’ हे वाक्य तुम्ही हुश्श करून लिहिलंय, असं मला वाटलं. त्याच्यापुढे लगेच ‘पण व्यायामाला उठतही नाही’ असं आहे. तिथल्या ‘पण’च्या जागी ‘कारण’ घालून वाचा. नवा गुडघा हलवलाच नाही तर फारसा दुखत नाही. तुमच्या आईने आपल्यापुरता उपाय शोधलाय: गोळी मिळत नाही ना, मग हलायचंच नाही. माझी पैज आहे की तिच्या गुडघ्याखाली एक उशी असणार.

त्यावर येतेच. त्याआधी दोन गोष्टी, ज्या हे वाचणं बाजूला ठेवून आज करायच्या.

पहिली त्या ‘साध्या’ पेनकिलरची. अ‍ॅसिक्लोफेनॅक पुष्कळ लोकांना चालते, पण तुमच्या आईसाठी ती साधी नाही. वय ६८, बीपी, क्रिएटिनिन आधीच वर. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा त्या जातीची गोळी असेल, तर दोन्हींचा ताण मिळून मूत्रपिंडावर येतो. शिवाय गुडघा बदलल्यावर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे रक्त पातळ ठेवणारं औषध देतात. तेही चालू असेल तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. सर्जनच्या दवाखान्यात आजच फोन करा. ही गोळी किती दिवस दिलीत ते न लपवता सांगा, क्रिएटिनिन पुन्हा बघायचं का ते विचारा, आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत पुढची गोळी देऊ नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा लघवी कमी झाली तर फोनची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

दुसरी झोपेच्या गोळीची. ती तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे. माझ्या मते तुमच्या घरातला खरा धोका तोच आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्या आणि ट्रॅमाडॉल एकत्र पोटात गेल्या तर माणूस फार गुंगतो, श्वास मंदावू शकतो, आणि रात्री बाथरूमला जाताना वॉकरसकट पडू शकतो. ऑपरेशनआधीच्या गडबडीत ही अर्धी गोळी कुणाच्या कागदावर आलीच नसेल, असा माझा अंदाज आहे. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी म्हाताऱ्या माणसांना औषध वाटतच नाही, ती त्यांना रात्रीच्या दुधासारखी वाटते. तेव्हा डॉक्टरांना तिचं नाव आणि मात्रा सांगा. पण म्हणून तीही डब्यामागे जाऊ देऊ नका! अशी जुनी गोळी एकदम तोडली तर झोप जाते, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते.

आता तुमचा मुख्य प्रश्न.

मी तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. ‘मागते म्हणजे सवय लागली’ हा निष्कर्ष मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकला आहे, वॉर्डातल्या सिस्टरांच्याही, आणि खोटं का बोलू, काही सर्जनच्याही. तारखा नीट लावून बघू. तुम्ही गोळी आठव्या दिवशी बंद केलीत. तेव्हा जखमेचे टाकेसुद्धा निघाले नसतील. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं कापून त्यावर धातू बसवलेला, त्याला आठवडा झालेला. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या भुलीचा आणि नसेच्या इंजेक्शनचा असर कधीच उतरलेला. अशा माणसाचं औषध एका संध्याकाळी तोडलं तर ते दुसरं काय मागणार?

शिवाय हे औषध काही दिवस घेतलं की शरीर त्याला सरावतं. एकदम बंद केलं तर घाम, नाक गळणं, अंगावर काटा, अस्वस्थपणा, झोप न लागणं असं दोन-चार दिवस होऊ शकतं. आठवड्याभराच्या गोळ्यांनी ते सौम्यच होतं, पण होतं. हे सरावणं आहे, व्यसन नाही. बीपीची काही औषधंही एकदम तोडली तर बीपी उसळतं, म्हणून कुणी बीपीच्या पेशंटला व्यसनी म्हणत नाही. व्यसनात माणूस दुखणं नसतानाही घेतो, नुकसान दिसत असूनही घेतो, वाढवत जातो, लपवून घेतो. तुमच्या घरात गोळी लपवणाऱ्या तुम्ही आहात, आई नाही. (रागावू नका. आत्तापर्यंतच्या सगळ्या गोष्टी तुम्ही मायेपोटी केल्यात, हे पत्रावरून दिसतंच.)

तरीही मी ‘मागते म्हणजे दुखतंच’ असं डोळे झाकून म्हणणार नाही. हाच युक्तिवाद अमेरिकेत औषध कंपन्यांनी ताणून वापरला: पेशंट जास्त मागतोय म्हणजे दुखणं पुरतं शमलेलं नाही, तेव्हा डोस वाढवा. त्याचे परिणाम दादाने शेजारीपाजारी पाहिले असतील. म्हणून आई गोळी कधी मागते, ते बघा. व्यायामाआधी, व्यायामानंतर, रात्री कूस बदलताना मागते का? मग ती दुखण्यासाठी मागते. दुखणं कमी झालंय, चालणं-वाकणं सुधारलंय, तरी घड्याळ लावून मागते, ‘घेतली की बरं वाटतं, मन शांत होतं’ असं म्हणते? मग डॉक्टरांना सांगायची वेळ झाली. चार दिवस एका कागदावर वेळ आणि कारण लिहून ठेवा, चित्र आपोआप दिसेल.

दादा पूर्ण चुकलेला नाही. तिकडे १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे जोरदार ओपिऑइड बाजारात आलं, ‘याची सवय फारशी लागत नाही’ अशा प्रचारावर वाट्टेल तसं लिहून दिलं गेलं, पुढे लोक हेरॉइनकडे आणि बेकायदा फेंटानिलकडे वळले. २०२१ मध्ये एका वर्षात तिथे ड्रगच्या अतिसेवनाने लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक ओपिऑइडने. गुडघ्यापुरतं बोलायचं तर मिशिगनमधल्या पेशंटचा, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आधी कधीच अशी औषधं न घेतलेल्यांपैकी गुडघा बदलल्यावर सहा महिन्यांनी सुमारे ८ टक्के लोक ती घेत होते. ऑपरेशनच्या आधीपासून घेणाऱ्यांत मात्र हे प्रमाण निम्म्याहून जास्त निघालं. म्हणजे धोका शून्य नाही, पण तो कुणाला जास्त हेही कळतं: आधीपासून घेणारे, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असलेले, मनाने फार खचलेले. तुमच्या आईच्या बाबतीत झोपेची गोळी एवढा एक मुद्दा जुळतो. म्हणूनच मघाशी तिच्यावर इतकं बोलले.

आपल्याकडची गोष्ट जवळजवळ उलटी आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन होतं, आणि आपल्याच देशात कॅन्सरचे पेशंट मॉर्फिनवाचून तडफडले. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या परवान्यांचा आणि शिक्षांचा धसका घेऊन दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन नियम सुटसुटीत झाले, पण भीती अजून गेलेली नाही. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आलं, कारण त्याचा गैरवापर आपल्याकडेही होतो, पंजाबात तर फारच. मेडिकलवाला चिठ्ठी बघून वहीत नाव लिहितो ते नियमामुळे. त्या वहीत नाव चढलं म्हणून आई काही गुन्हेगार होत नाही.

आणि ट्रॅमाडॉल म्हणजे ऑक्सिकॉन्टिन नव्हे. ते कमी ताकदीचं आहे. त्याचे स्वतःचे त्रास आहेत: मळमळ, गरगरणं, बद्धकोष्ठ, फिटचा आजार असेल तर धोका, डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर घातक. काही लोकांच्या यकृतात त्याचं कामाचं रूप नीट तयारच होत नाही, त्यांना दुखणं थांबत नाही आणि मळमळ तेवढी होते. तुमच्या ओळखीत कुणी ‘मला त्या गोळीने काही फरकच पडला नाही’ म्हणालं असेल, तर ते नाटक नसतं. आईला पहिल्या आठ दिवसांत तिने आराम पडत होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टर ते विचारतील.

आता गुडघा. माझा स्वतःचा उजवा गुडघा सहा वर्षांपूर्वी बदलला. जन्मभर लोकांना वेदनेच्या औषधांचं शहाणपण शिकवलेली मी, पाचव्या दिवशी सकाळची गोळी ‘बघू तरी’ म्हणून टाळली. अकराला फिजिओचा मुलगा आला. पलंगाच्या कडेवर बसवून त्याने घोट्यामागे हात घातला आणि पाय आत ढकलला. मी चादर मुठीत धरून त्याच्या शर्टाची बटणं मोजली. चार होती, पाचवं तुटलेलं. ७५ला मी “बास” म्हणून ओरडले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मुकाट्याने गोळी घेतली आणि अकराला त्याच मुलाने ८८ केले. गोळीने गुडघा वाकत नाही, पण त्या अर्ध्या तासात मी पाय आवळून धरला नाही, एवढंच झालं.

ही गोळी आहे ती त्या अर्ध्या तासासाठी, आणि रात्रीच्या झोपेसाठी. दुखणं शून्यावर आणायला नाही. शून्य होणारच नाही, आणि तसं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं. पहिल्या काही आठवड्यांत आत व्रण तयार होत असतो. गुडघा तेव्हा वाकवला-सरळ केला नाही तर तो व्रण घट्ट होतो. साधारण दोन आठवड्यांत ९० अंशांपर्यंत यावं अशी अपेक्षा असते. खुर्चीतून नीट उठायला, जिना उतरायला तेवढं आणि त्याहून थोडं जास्त लागतं. १९व्या दिवशी ७० म्हणजे ऑपरेशन वाया गेलं असं अजिबात नाही, पण आता आठवडे वाया घालवायचे नाहीत. गुडघा अडकलेलाच राहिला तर सर्जन पुन्हा भूल देऊन तो वाकवतात. ते सहसा पहिल्या तीन महिन्यांत करतात, आणि त्यानंतर व्यायाम आणि दुखणं दोन्ही पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा आज गोळीबद्दल एक फोन स्वस्त.

ती उशी मात्र आजच काढा. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं हे खरं, पण मग तो सरळ व्हायचा राहतो, आणि सरळ न होणारा गुडघा जन्मभर लंगडवतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली द्या, गुडघा मोकळा लोंबू दे. व्यायामानंतर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. ही फुकटातली वेदनाशामकं आहेत आणि घरोघरी आळशीपणाने सोडली जातात.

गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, कारण मी आईला तपासलेलं नाही. ते कदाचित नुसतं पॅरासिटामॉल नेमाने देऊन बघतील, कदाचित थोडे दिवस ट्रॅमाडॉल परत देतील, झोपेच्या गोळीमुळे त्याची मात्रा कमी ठेवतील. दिलं तर दोन गोष्टी विचारून घ्या: व्यायामाच्या किती आधी द्यायची (साधारण तासभर) आणि कधी थांबवायची. ही दुसरी तारीख बहुतेक कागदांवर नसते. ‘दुखल्यास’ हा शब्द डॉक्टरांच्या सोयीचा आहे, घरच्यांच्या नाही. गोळी कमी करताना सहसा दिवसाची आधी सुटते, व्यायामाआधीची आणि रात्रीची शेवटी, दर दोन-तीन दिवसांनी एक अशी. ऑपरेशनला सहा आठवडे होऊन गेल्यावरही ती लागतच असेल, तर गोळी वाढवायची नाही, गुडघ्यात काय चाललंय ते शोधायचं: जंतुसंसर्ग, अडकलेला सांधा, नसेचं दुखणं. आणि कुणाच्या घरी महिनोन् महिने चाललीच असेल, तर एकटीने झगडून तोडू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.

या गोळीत पॅरासिटामॉल आधीच आहे हे लक्षात ठेवा. वरून तापाची ६५०ची गोळी, सर्दीची गोळी असं होत होत दिवसाची बेरीज फुगते. वयस्कर माणसाला दिवसाला तीन ग्रॅमच्या वर नको, असं बहुतेक डॉक्टर धरून चालतात. बद्धकोष्ठासाठी आपल्याकडे डोळे मिटून इसबगोल देतात. या औषधाने आतडं सुस्तावलेलं असतं, आणि बाथरूमला जायला लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणी कमी पितात. अशात इसबगोल आत जाऊन गोळा होऊन बसतं. लॅक्ट्युलोजसारखं सिरप विचारा. आईच्या डोळ्यांवर भलती गुंगी आली, हाक मारून जागी होत नाही, श्वास संथ वाटतो, असं झालं तर १०८. पोटरी एकाच पायाची सुजून दुखू लागली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर ते ‘ऑपरेशनचंच दुखतंय’ म्हणून गोळीखाली दाबू नका.

स्ट्रिप रव्याच्या डब्यामागून काढा, पण उघड्यावरही नको. कुलपात ठेवा, गोळ्या मोजून. उरल्या तर शेजारच्या काकूंच्या कंबरेला देऊन टाकायच्या नाहीत. आपल्याकडे औषधं वाटीभर साखरेसारखी फिरतात, म्हणून सांगतेय.

आणि आईला खरं सांगा. ‘संपली’ म्हटलंत तेव्हा तिने वाद घातला नाही, यावरून तिला पटलं असं समजू नका. तिच्या पिढीच्या बायकांना ‘सोसते हो ती, काही बोलत नाही’ हे कौतुक म्हणून मिळालेलं असतं, ते त्यांना सोडवत नाही. बाळंतपणात ओरडायचं नाही, कंबर धरली तर भाकऱ्या थांबवायच्या नाहीत, आणि आता लेकीच्या घरी आहोत तर तिला त्रास नको. तुमच्या पत्रात गोळीबद्दल तुमचं, दादाचं, फिजिओचं मत आहे. आईचं नाही. तिला दुखणं दहापैकी किती विचारू नका, त्या आकड्यात तिला काही गम्य वाटणार नाही. “पाय आत घेताना कुठे अडतं? रात्री कितीदा जाग येते? गोळी होती तेव्हा काय जमत होतं?” असं विचारा. “मी घाबरले होते म्हणून लपवली” हे वाक्य अवघड आहे, पण तिच्या पलंगावर बसून म्हणता येईल.

राहिला दादा. त्याला अभ्यास, कायदे, टक्केवारी पाठवत बसू नका. तो लांब आहे, आणि लांबच्या मुलांना काहीतरी बंद करायला सांगण्याशिवाय हाताशी फारसं काही नसतं. त्याला काम द्या. संध्याकाळी साडेसहाला व्यायाम ठेवा, तेव्हा त्याच्याकडे सकाळ असते. फोन टेबलावर असा उभा करा की आईचा चेहरा नको, गुडघा दिसेल. फिजिओकडून अंश मोजायची ती प्लास्टिकची पट्टी चार दिवस मागून घ्या, आणि रोजचा आकडा लिहायची वही दादाकडे असू द्या.